वाळू जिथे थांबते : अर्न्स्ट क्लाद्नीची गोष्ट

ही गोष्ट सुरू झाली माझ्या व्हायोलिनच्या बोपासून.

मागच्या वर्षी कॉलेजच्या प्रदर्शनात मी आपल्या मंडळाच्या पुस्तकांच्या टेबलावर बसले होते. शेजारचं टेबल फिजिक्सवाल्यांचं होतं. तिथल्या मैत्रिणीला बो हवा होता, आणि चर्चच्या क्वायरमध्ये वाजवणारी मी एकटीच तिच्या ओळखीची. म्हणून बो दिला आणि काळजीने मागोमाग उठून गेले. तिने पितळेची चौकोनी तबकडी मधोमध स्क्रूने घट्ट बसवली होती. तिच्यावर घरची पांढरी रांगोळी भुरभुरली, बोला राळ लावली, एका बाजूच्या मध्यावर बोट टेकवलं आणि कोपऱ्यावरून बो वरून खाली ओढला. आधी कानाला न सोसणारा आवाज आला. मग रांगोळी उड्या मारत सरकायला लागली आणि दोन-चार सेकंदांत तबकडीवर एक सरळ क्रूस उभा राहिला. नंतर तिने उलट केलं, बोट कोपऱ्यावर टेकवलं आणि बो बाजूच्या मध्यावर चालवला. क्रूस मोडला आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी फुली झाली. सूरही बदलला होता. पहिल्याला सा धरलं, तर हा जवळजवळ पंचमावर होता.

या क्लाद्नीच्या आकृत्या, एवढंच ती म्हणाली आणि पुढच्या मुलांना दाखवायला लागली. मी साहित्याची विद्यार्थिनी. मला आकृतीपेक्षा नाव जास्त चिकटलं. कोण हा क्लाद्नी? शोधत गेले तेव्हा एक आयुष्य सापडलं आणि ते काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

अर्न्स्ट फ्लोरेन्स फ्रीड्रिख क्लाद्नीचा जन्म 30 नोव्हेंबर 1756 रोजी जर्मनीतल्या विटेनबर्ग गावी झाला. हे तेच विटेनबर्ग जिथून मार्टिन ल्यूथरची धर्मसुधारणा सुरू झाली. क्लाद्नी घराणं मूळचं आजच्या स्लोव्हाकियातल्या क्रेम्निट्साचं, ल्यूथरपंथी धर्मोपदेशकांचं. सतराव्या शतकात कॅथलिक राज्यकर्त्यांनी तिथल्या ल्यूथरपंथीयांचं जगणं अवघड केलं, तेव्हा त्याचे पूर्वज गाव सोडून निघाले. मी स्वतः कॅथलिक आहे. हे वाक्य लिहिताना जरा थांबले, पण खरं ते खरं. पुढे हे घराणं विटेनबर्गमध्ये स्थिरावलं. आजोबा धर्मशास्त्राचे प्राध्यापक होते आणि वडील कायद्याचे.

वडील फार कडक होते. एकुलता एक मुलगा बिघडू नये म्हणून त्याला घराच्या चार भिंतींत ठेवायचे. मोकळं हिंडणं नाही, मनासारखं शिकणं नाही. पुढे ग्रिमा गावच्या निवासी शाळेत गेला, तर तिथेही शिस्तीचा तोच फास. या बंदिवासानेच आपल्याला प्रवासाची ओढ लावली, असं त्याने मोठेपणी लिहून ठेवलं आहे. शिकायचं काय, हा प्रश्न नव्हताच. वडिलांचा विषय तोच मुलाचा विषय. त्याने विटेनबर्ग आणि लाइपझिगला कायदा शिकून 1782 मध्ये पदवी घेतली. मधल्या काळात एकच गोष्ट त्याने स्वतःसाठी केली. एकोणिसाव्या वर्षी तो पियानो शिकायला लागला. वाजवणाऱ्यांना माहीत आहे, एकोणिसावं म्हणजे फारच उशीर. मोठा वादक होण्याची शक्यता तेव्हाच संपलेली असते. पण वाजवता वाजवता तो संगीताच्या सिद्धांतांवरची पुस्तकं वाचायला लागला आणि त्याच्या लक्षात आलं की प्रकाशाबद्दल, विजेबद्दल लोकांना जेवढं ठाऊक आहे त्याच्या मानाने आवाजाबद्दल फारच थोडं ठाऊक आहे.

1782 मध्येच वडील वारले. मुलगा पंचविशीचा. हातात कायद्याची पदवी, डोक्यावर सावत्र आईची जबाबदारी. शहाण्या माणसाने वकिली सुरू केली असती. क्लाद्नीने कायदा सोडला. विटेनबर्गच्या विद्यापीठात तो भूगोल, भूमिती असले विषय शिकवू लागला, पण पगाराची प्राध्यापकी त्याला तिथे मिळाली नाही. पुढे कुठेच मिळाली नाही, आयुष्यभर.

इथे मला माझ्या घरचा विषय थोडक्यात काढावासा वाटतो. बारावीनंतर मी मराठी साहित्य घेतलं, तेव्हा आमच्याकडे महिनाभर जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. डॅडींचा आवाज कधी चढला नाही. ते फक्त विचारायचे, पुढे काय करणार? त्याचं उत्तर माझ्याकडे अजूनही नीटसं नाही. त्यामुळे क्लाद्नीने कायदा सोडला हे वाचून मला आधी शौर्य वाटलं नाही, भीती वाटली.

तर, आवाज. तारेचं कंपन कसं होतं याचं गणित तेव्हा मांडलं गेलेलं होतं. ऑयलर आणि बेर्नुली यांनी दांड्यांचंही बरंच काम केलं होतं. पण पसरट वस्तू, म्हणजे थाळी, घंटा, काचेचा तुकडा, वाजते तेव्हा तिच्या अंगभर नेमकं काय चालतं हे कोणाला सांगता येत नव्हतं. त्याच सुमाराला गटिंगनच्या लिख्टेनबर्ग या प्राध्यापकांचा एक प्रयोग गाजत होता. विजेचा भार दिलेल्या पृष्ठभागावर बारीक भुकटी टाकली की ती झाडाच्या फांद्यांसारखी पसरून वीज कुठून गेली ते दाखवायची. हे वाचून क्लाद्नीच्या डोक्यात आलं की भुकटी जर वीज दाखवते, तर आवाज का नाही दाखवणार? त्याने पितळेची तबकडी घेतली, वाळू टाकली आणि व्हायोलिनचा बो कडेवर ओढला.

खरं सांगायचं तर हे पाहणारा तो पहिला नव्हता. गॅलिलिओला पितळेचा पत्रा खरवडताना त्यावर समांतर रेघा उमटलेल्या दिसल्या होत्या. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने 1680 मध्ये काचेवर पीठ टाकून हाच प्रकार बघितला होता. पण त्यांनी बघितलं आणि पुढे गेले. क्लाद्नी तिथेच थांबला. गोल तबकडी, चौकोनी तबकडी, बोट इथे, बोट तिथे, बो कडेच्या या भागावर, मग त्या भागावर. प्रत्येक वेळी सूर कोणता आणि आकृती कोणती, दोन्ही टिपून ठेवायचं. गोल तबकडीवर मधून जाणाऱ्या रेघा आणि एकात एक वर्तुळं यायची. चौकोनीवर क्रूस, फुल्या, जाळ्या, वेलबुट्ट्या. सूर जितका चढा तितकी नक्षी दाट. 1787 मध्ये लाइपझिगला त्याचं छोटेखानी पुस्तक निघालं. नावाचा अर्थ साधारण, नादाच्या सिद्धांताविषयीचे शोध. शंभराच्या आतली पानं आणि शेवटी तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेली 11 चित्रपानं. ध्वनिशास्त्राचा खरा पाया तिथे पडला असं आज मानतात.

आकृती तयार कशी होते, हे मला मैत्रिणीने दोनदा समजावलं तेव्हा कळलं. माझा समज असा की जिथे कंपन जास्त तिथे वाळू गोळा होते. नेमकं उलट आहे. तबकडी थरथरते तेव्हा तिचे काही भाग वरखाली उडत असतात आणि त्यांच्यामधल्या काही रेघा जागच्या जागी राहतात. या न हलणाऱ्या जागांना आपल्या शाळेच्या पुस्तकात निस्पंद म्हटलं होतं आणि सगळ्यात जास्त हलणाऱ्यांना प्रस्पंद. वाळूचा कण प्रस्पंदावर टिकू शकत नाही. उडतो, फेकला जातो आणि उडता उडता एकदा निस्पंदावर पडला की तिथेच राहतो. म्हणजे ती पांढरी नक्षी आवाजाची नव्हे, आवाजातल्या स्थिर जागांची आहे. बोटाचं कामही तेच. बोट टेकवलं तिथे तबकडीला हलता येत नाही, म्हणून निस्पंद रेघ तिथून जाते.

यातून आणखी एक गोष्ट निघते. आकृती फक्त सुरावर ठरत नाही. तबकडीचा आकार, जाडी, धातू, ती कुठे धरली आहे, सगळं त्यात येतं. तोच सूर दुसऱ्या तबकडीवर दुसरी नक्षी काढेल किंवा काहीच काढणार नाही. आजकाल मोबाइलवर अशा चित्रफिती फिरतात, अमक्या मंत्राची आकृती, तमक्या स्तोत्राची आकृती, पवित्र शब्दाचं खरं रूप वगैरे. आमच्या पॅरिशच्या ग्रुपवरही आली होती. मन मोठं हळवं असतं, पटकन विश्वास ठेवतं. पण कोणत्याही शब्दाची अशी एक ठरलेली आकृती नसते. क्लाद्नीने शेकडो वेळा बो ओढला आणि जे दिसलं तेवढंच लिहिलं. स्वतःच्या प्रयोगांचं मूळ लिख्टेनबर्गच्या आकृत्यांत आहे हेही त्याने लपवलं नाही.

पुस्तक निघालं, पण पोट कसं भरणार? नोकरी नसलेल्या माणसाने मग वाद्यं बनवली. 1790 मध्ये युफॉन तयार झालं. काचेच्या कांड्या ओल्या बोटांनी घासायच्या आणि त्यातून सूर काढायचे. दहाएक वर्षांनी क्लाव्हिसिलिंडर झाला. यात पट्ट्या दाबल्या की आतल्या कांड्या ओल्या, फिरत्या काचेच्या नळकांड्याला टेकायच्या. ही वाद्यं आणि तबकड्या घोडागाडीत घालून तो निघाला आणि जवळजवळ शेवटपर्यंत फिरतच राहिला. जर्मन संस्थानं, डेन्मार्क, रशिया, फ्रान्स, इटली. गाव आलं की हॉल ठरवायचा, तिकिटं लावायची, आधी वाद्य वाजवून दाखवायचं, मग वाळूचे प्रयोग. आपल्याकडच्या कीर्तनकारासारखंच की, ज्ञान पण द्यायचं आणि रंजन पण करायचं. वायमारला 1803 मध्ये गटे त्याला भेटला. त्याने लग्न केलं नाही. लहानपणी दाराबाहेर पडू न दिलेला मुलगा मोठेपणी घरात राहिलाच नाही.

कायद्याचं शिक्षण वाया गेलं का? तेही नाही. 1790 च्या दशकात लिख्टेनबर्गशी झालेल्या बोलण्यातून त्याला आकाशातून पडणाऱ्या दगडांचं कोडं लागलं. तेव्हाचे बहुतेक विद्वान अशा बातम्यांना खेडवळांच्या कहाण्या समजत. क्लाद्नी गटिंगनच्या ग्रंथालयात बसला आणि शतकानुशतकांच्या नोंदी काढून वकील साक्षी तपासतो तशा तपासल्या. एकमेकांना न ओळखणारे, वेगवेगळ्या देशांतले आणि काळांतले लोक तेच वर्णन करत असतील, तर ते सगळे खोटं बोलत नसणार. 1794 मध्ये त्याने छापलं की हे दगड पृथ्वीबाहेरून येतात. लोक हसले. पण पुढच्याच वर्षी यॉर्कशायरमध्ये एक मोठा दगड पडला. 1798 मध्ये आपल्या बनारसजवळ पडले. 1802 मध्ये लंडनच्या एडवर्ड हॉवर्डने या ठिकाणचे तुकडे तपासले, तर त्यांतल्या धातूत निकेल सापडलं. हजारो मैल दूर पडलेले हे दगड एकमेकांचे भाऊबंद निघाले. 1803 मध्ये फ्रान्समधल्या लेग्लच्या परिसरात सुमारे तीन हजार दगडांचा पाऊस पडला आणि हसणं थांबलं.

त्याच्या आयुष्यातला सगळ्यात प्रसिद्ध प्रसंग पॅरिसचा आहे. 1802 मध्ये त्याचा ध्वनिशास्त्रावरचा मोठा ग्रंथ जर्मनमध्ये आला होता. 1808 च्या शेवटी तो पॅरिसला गेला. तिथल्या शास्त्रज्ञांनी, त्यात लाप्लासही होता, त्याची गाठ थेट नेपोलियनशी घालून दिली. फेब्रुवारी 1809 मध्ये त्वीलरीच्या राजवाड्यात दोन तास प्रयोग चालले. नेपोलियनला गणित समजत होतं, त्यामुळे हे नुसतं करमणुकीचं काम नाही हे त्याने ओळखलं. ग्रंथ फ्रेंचमध्ये आणायला त्याने क्लाद्नीला 6000 फ्रँक दिले.

फ्रेंच ग्रंथ क्लाद्नीने स्वतःच लिहिला आणि तिथे त्याला जी अडचण आली ती आपल्या मंडळींना खास आवडेल. जर्मनमध्ये आवाजासाठी तीन वेगळे शब्द होते. नुसता आवाज वेगळा, नाद वेगळा आणि ठरावीक उंचीचा सूर वेगळा. फ्रेंचमध्ये तिन्हीला मिळून एकच शब्द. भौतिकशास्त्र लिहायला बसलेला माणूस शब्दापाशी अडला. मी मनात मराठीत करून बघितलं. आवाज, ध्वनी, नाद, स्वर, सूर. त्याला मराठी येत असती तर काम सोपं झालं असतं, असा एक बेळगावी अभिमान मला क्षणभर वाटून गेला.

पण क्लाद्नीला एक गोष्ट जमली नव्हती. या आकृत्या अशाच का येतात, याचं गणित त्याच्याकडे नव्हतं. तो गणिती नव्हता. त्याने ते कोडं दुसऱ्यांसाठी मांडून ठेवलं. नेपोलियनच्या इच्छेवरून फ्रान्सच्या विद्वत्संस्थेने ते सोडवणाऱ्याला 3000 फ्रँकांचं बक्षीस लावलं. मोठमोठे गणिती लांब राहिले. 1811 मध्ये एकच उत्तर आलं, सोफी जेर्मेन या बाईचं.

सोफीची गोष्ट क्लाद्नीच्या गोष्टीला आरशासारखी वाटते. पॅरिसची, 1776 मधली. मुलीने गणित करू नये म्हणून आईवडील रात्री तिच्या खोलीतला विस्तव आणि मेणबत्त्या काढून घ्यायचे. ती लपवून ठेवलेल्या मेणबत्तीवर, गोधडी गुंडाळून अभ्यास करायची. बायकांना कॉलेजात प्रवेश नाही, म्हणून पुरुषाच्या नावाने टिपणं पाठवून शिकली. तिच्या पहिल्या उत्तरात चुका होत्या. लाग्रांजने तिची कल्पना धरून समीकरण सुधारलं. 1813 मध्ये दुसऱ्या खेपेला तिचा फक्त गौरवाने उल्लेख झाला. 1816 च्या जानेवारीत तिसऱ्या खेपेला बक्षीस मिळालं, तेही परीक्षकांच्या शंका पूर्ण न फिटता. समारंभाला ती गेलीच नाही. पुढे किर्खहोफने 1850 मध्ये गोल तबकडीचं गणित नीट बसवलं आणि माझ्या मैत्रिणीच्या टेबलावरच्या त्या मोकळ्या कडांच्या चौकोनी तबकडीचं 1909 मध्ये वॉल्टर रिट्झने. क्लाद्नीच्या पुस्तकानंतर 122 वर्षांनी.

ज्या नेपोलियनने पैसे दिले त्याच्याच लढाईने क्लाद्नीचं गावही मोडलं. 1813 मध्ये फ्रेंच फौजांनी विटेनबर्गचा किल्ला केला, वेढा पडला, विद्यापीठ बंद झालं. क्लाद्नी जवळच्या केम्बर्ग या छोट्या गावात राहायला गेला. राहायला म्हणजे दौऱ्यांच्या मधे टेकायला. साठी उलटली तरी गाडी चालूच. 3 एप्रिल 1827 रोजी तो वारला, तोही व्याख्यानांच्या दौऱ्यावर, ब्रेस्लाऊ शहरात, जे आज पोलंडमध्ये व्रोत्स्वाफ म्हणून आहे. सत्तर वर्षांचा होता. जमवलेले आकाशातले दगड त्याने बर्लिनच्या विद्यापीठाला देऊन टाकले. पदवी, पद, पैसा यांतलं मागे सांगण्यासारखं दुसरं फार काही नव्हतं.

त्याची वाद्यं आज कोणी वाजवत नाही. वाळू मात्र चालू राहिली. फॅरडेने 1831 मध्ये दाखवलं की अगदी हलकी भुकटी वाळूच्या उलट वागते, तबकडीवरच्या हवेच्या झुळकांनी ती प्रस्पंदावर गोळा होते. व्हायोलिन बनवणारे लाकडाची पाठ आणि पोट तासताना आजही त्यावर भुकटी टाकून आकृती बघतात. आणि आपल्या देशात सी. व्ही. रामन यांनी मृदंग आणि तबल्याच्या पुडीवर बारीक वाळू टाकून अशाच आकृत्या मिळवल्या, 1934 मध्ये त्यावर निबंध लिहिला. साध्या ढोलाचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, पण मधली काळी शाई पुडीला अशा रीतीने जड करते की ते सुरेल प्रमाणात येतात. ही युक्ती कोणा अनाम कारागिराने केवळ कानाने शोधली होती, रामन यांनी ती वाळूत दाखवली.

गेल्या आठवड्यात मी डॅडींना ही सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, म्हणजे शेवटपर्यंत नोकरी मिळालीच नाही? मी म्हटलं, नाही. यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला स्वयंपाकघरातून स्टीलची जुनी थाळी आणून दिली आणि यावर होतं का बघ म्हणाले. थाळीला काठ आहेत, त्यामुळे नीट होत नाही. दोन संध्याकाळ आम्ही दोघं बसून प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी ते बाजारातून पितळेचा सपाट पत्रा कापून घेऊन आले. माझ्या बोच्या केसांत अजून रांगोळी आहे, आणि रविवारी मिसाच्या वेळी तो जरा खरखरतो.